डबल बेल

फोन सुनेचा होता. "मॅडम, आमच्या सासऱ्यांची वाचा गेलीय. पण ते राहू दे, आधी दुसरंच विचारायचंय. ते हात उचलायला लागलेत. काल आईंच्या तोंडात मारली. उभ्या जन्मात घरात कुणाला बोट लावलं नव्हतं त्यांनी. डोक्यावर परिणाम झालाय का?"

मी साताऱ्यात स्पीच थेरपिस्ट आहे. तोतरी बोलणारी मुलं, ऐकू न येणारी मुलं आणि पॅरालिसिसनंतर बोलणं गेलेली मोठी माणसं, असे सगळे माझ्याकडे येतात. हे प्रकरण घरच्यांना विचारून लिहितेय. नावं घालत नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदललेत. घरात आणि गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते.

अण्णा 71 वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची बरीचशी वर्षं सातारा–स्वारगेट मार्गावर गेली, तीही विनाथांबा गाडीवर नाही, दर फाट्याला थांबणाऱ्या साध्या गाडीवर.

आषाढात एका पहाटे ते गोठ्यात धार काढायला गेले आणि तिथंच बसून राहिले. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, उजवा पाय उचलेना. साखर उतरली असेल म्हणून घरच्यांनी आधी गुळाचं पाणी पाजलं, मग गावातल्या डॉक्टरांची वाट बघितली, मग गाडी शोधली. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत सहा तास उलटले होते. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ टळली होती. (अशा वेळी तोंडानं काहीही देऊ नये, गुळाचं पाणीसुद्धा. गिळणं बिघडलेलं असलं तर ते थेट श्वासनलिकेत उतरतं.) नऊ दिवसांनी घरी सोडलं. कागदावर बाकीच्या गोष्टींबरोबर 'अफेजिया' असाही एक शब्द होता. मुलानं अर्थ विचारला, तेव्हा "येईल बोलणं हळूहळू" एवढं उत्तर मिळालं.

मी पहिल्यांदा गेले ते पितृपंधरवड्यात, म्हणजे झटक्याला अडीच महिने झाल्यावर. अण्णांची कॉट सोप्यात, दाराच्या तोंडाशी. येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलणं व्हावं म्हणून मुलानं मुद्दाम तिथं टाकलेली. समोर टीव्ही सुरू. माझ्या आधीच भावकीतले दोघं येऊन बसले होते. त्यातल्या एकानं अण्णांच्या कानाशी वाकून, शेजारच्या आळीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "अण्णाऽ! वळखलं का मला? सांगा बरं, मी कोन?"

अण्णांनी त्याच्याकडे नीट बघितलं. तोंड उघडलं, ओठांची काहीतरी जुळवाजुळव झाली, आणि शब्द आला, "सुट्टे."

सगळे हसले. "रिटायर झालं तरी सुट्टं मागायची सवय काय जात न्हाई!" अण्णांनी डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं. पाहुण्यानं सुनेला बाजूला घेऊन सांगितलं की म्हाताऱ्याला आता काही कळत नाही.

अण्णांजवळ शब्द तीनच उरले होते. 'सुट्टे', 'व्हय', आणि फार चिडले तर एक अस्सल शिवी, अगदी स्पष्ट. पाणी हवं असलं तरी सुट्टे, पंखा बंद करायचा असला तरी सुट्टे, नातू शाळेतून आला की हसून सुट्टे. घरच्यांनी सुरुवातीला तो शब्द खरा धरला. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, उशाशी एक वाटी भरून नाणी ठेवली होती. ती अण्णांनी भिरकावून दिली. मग ठरलं की पैशाचीही हाव राहिली नाही, म्हणजे डोकंच गेलं.

या दुखण्याला वाचाघात म्हणतात, कागदावरचा 'अफेजिया' तो हाच. जिभेचा लुळेपणा वेगळा. त्यात माणूस जड, बोबडं बोलतो, पण शब्द त्याला सापडलेले असतात. वाचाघातात जीभ हलते, घसा चालतो, शब्दापर्यंत जायची वाट मात्र बुजते. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम डावीकडे चालतं आणि शरीराची उजवी बाजूही डावा मेंदूच हलवतो. म्हणून उजवा हातपाय गेलेल्यांच्यात वाचाही गेलेली जास्त दिसते. झटका आलेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला हे होतं. तरी या दुखण्याला घरोघरी चालेल असं नाव आपल्याकडे रुजलेलं नाही. 'वाचा गेली' म्हणतात, आणि वाचेबरोबर अक्कलही गेली असं न बोलता धरून चालतात.

एकच शब्द उरलेला माणूस डॉक्टरांना नवा नाही. 1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यविशारदानं असाच एक रुग्ण तपासला. वीसहून अधिक वर्षं त्याला 'तान' एवढंच म्हणता येत होतं, तेही बहुधा दोनदा, 'तान तान'. रुग्णालयात त्याचं नावच तान पडलेलं. लोकांचं बोलणं त्याला बरंचसं समजायचं. आपलं म्हणणं समोरच्याला कळलं नाही की तो भडकायचा, आणि भडकला की शिवी मात्र सफाईदार निघायची. तो वारल्यावर ब्रोकानं मेंदू तपासला, तर डाव्या बाजूला पुढच्या भागात बिघाड सापडला. मेंदूतल्या त्या जागेला आजही ब्रोकाचंच नाव आहे. सुनेला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिनं शिवीपाशी मला थांबवलं. "म्हणजे अण्णा मुद्दाम देत नाहीत शिवी?" मुद्दाम देत नाहीत. शिव्या, मोजणी, वार, पाढे, स्तोत्रं या पाठ झालेल्या गोष्टी विचार करून जुळवाव्या लागत नाहीत. त्या वेगळ्या वाटेनं येतात, आणि ती वाट पुष्कळदा वाचलेली असते.

आता माझी चूक. पहिल्या दिवशी मी चित्रांचा संच काढला. अण्णांना चित्रं दाखवली, नावं विचारली, दाखवायला सांगितली. सगळं झाल्यावर नेहमीचे प्रश्न विचारले. झोप लागते का? व्हय. भूक लागते? व्हय. बरं वाटतंय ना? व्हय. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: दुखणं नाही. दहा-बारा वर्षं हेच काम करून मी हे लिहिलं. त्यांचा 'व्हय' हा होकार आहे की तोंडाला येणारा नुसता आवाज, हे मी तपासलंच नव्हतं.

घरी परतताना गाडीत ते टोचत राहिलं. दुसऱ्या खेपेला गेले ती उलटसुलट प्रश्न घेऊनच. "अण्णा, तुम्ही एसटीत होता?" व्हय. "तुम्ही पोस्टात होता?" व्हय. "दुखतंय का?" व्हय. "दुखत नाही ना?" व्हय. चारही उत्तरं सारखीच, आणि शेवटच्या दोन प्रश्नांना त्यांच्या कपाळावर आठ्या. आपल्या तोंडून चुकीचं जातंय हे त्यांना ऐकू येत होतं. ते बदलता मात्र येत नव्हतं. अडीच महिने या घरातला सगळा कारभार त्याच 'व्हय'वर चालला होता. जेवलात का, व्हय. गोळी घेतली का, व्हय.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. अण्णांना उशा लावून ताठ बसवलेलं होतं. काकू कपातून बशीत चहा ओतायला लागल्या. अण्णांचा डावा हात कॉटच्या लोखंडी दांडीवर होता. बोटातल्या अंगठीनं त्यांनी दांडीवर एकदा ठोकलं. ठण्ण. काकूंनी ओतणं थांबवलं. मग दोनदा, ठण्ण ठण्ण, आणि काकूंनी बशी ओठांना लावली.

मी विचारलं, "काकू, आत्ता काय झालं?"

"काय झालं? च्या दिला."

"थांबलात का मधेच?"

काकू विचारात पडल्या. त्यांना सांगता येईना. सून म्हणाली, "अगं बाई! बेल मारली त्यांनी."

एसटीत कंडक्टर एक बेल देतो तेव्हा ड्रायव्हर गाडी थांबवतो. दोन दिल्या की गाडी निघते. दोरी ओढून हजारो वेळा दिलेली ही बेल अण्णांच्या हातात शाबूत होती, आणि कंडक्टरच्या घरात चाळीस वर्षं काढलेल्या काकू ती ओळखून वागतही होत्या. दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. घरातली इतर माणसं शब्दांची वाट बघत बसली होती आणि इकडे चहापुरतं का होईना, बोलणं सुरूच होतं.

मग मी अण्णांना सांगितलं, "अण्णा, आता मी तुम्हाला तपासणार. लाइन चेकिंगची गाडी आलीय असं समजा." ते हसले, तोंडाच्या डाव्या कोपऱ्यानं. पोस्टात होता? ठण्ण. एसटीत होता? ठण्ण ठण्ण. हा तुमचा नातू? दोन. हा तुमचा भाऊ? एक, आणि वर माझ्याकडे असा कटाक्ष की बाई वेडी आहे का. सगळीच उत्तरं बरोबर आली असं नाही. "गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?" या प्रश्नाला ते गोंधळले. असा दुपेडी प्रश्न, लांबलेलं वाक्य, 'आधी-नंतर', 'पेक्षा', 'शिवाय' असल्या शब्दांवर फिरणारा अर्थ, हे वाचाघातात निसटतं. म्हणजे 'त्यांना सगळं कळतं' हेही पुरतं खरं नव्हतं. एका वेळी एकच गोष्ट, छोट्या वाक्यात, त्यांच्या समोर बसून विचारली तर कळत होतं.

"दुखतंय?"

ठण्ण ठण्ण.

"कुठं?" असं विचारण्यात अर्थ नव्हता. म्हणून म्हटलं, हात लावून दाखवा. डावा हात छातीवरून पलीकडे गेला आणि उजव्या खांद्यावर थांबला.

मी सुनेला म्हटलं, सकाळी कपडे कसे घालता ते मला करून दाखवा. तिनं सदरा आणला. आधी चांगला हात बाहीत घातला, कारण तो सोपा. मग सदरा पाठीमागून फिरवला, लुळा हात मनगटाशी धरला आणि बाहीत घालण्यासाठी वर ओढला. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. "सुट्टे! सुट्टे! सुट्टे!" आणि डावा हात उगारला गेला.

सुनेनं सदरा तसाच सोडला. म्हणाली, "रोज सकाळी हेच करतोय हो आम्ही."

मी त्यांना त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. लुळा हात खाली लोंबकळत राहिल्यानं खांद्याचा सांधा थोडा निसटला होता, अशा रुग्णांत हे वरचेवर दिसतं. हात ओढला की असह्य कळ येते. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या. घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. मनगट धरून ओढायचं नाही, कोपराखाली आधार द्यायचा. बसल्यावर हाताखाली उशी. आणि डॉक्टरांकडून वेदनेचं औषध. आठ-दहा दिवसांत मारणं थांबलं. ज्याला घरात राग म्हणत होते, ती तक्रार होती. ती ऐकायला मीही पहिल्या खेपेला चुकले होते.

फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथं संपलं. पण सून म्हणाली, "मारायचे थांबले, पण बोलायचं काय त्यांच्याशी? कसं?" तिचा प्रश्न रास्त होता.

या घरात दिवसभर अण्णांची परीक्षा चाललेली असायची. मी कोण? हे काय? आज वार कोणता? नातवाचं नाव घ्या बघू. 'प'पासून सुरू होतं, प... प... येणारा प्रत्येक पाहुणा एक पेपर घेऊन जायचा. दवाखान्यातही असंच झालं होतं. तिथं काकूंकडे बोट करून कुणीतरी विचारलं, यांचं नाव काय? अण्णांना ते आलं नाही आणि ते कागदावर चढलं. हे सांगताना काकू पदराआड हसल्या. "चाळीस वर्षांत कधी माझं नाव घेतलं न्हाई त्यांनी. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आता कुठनं घेतील?"

मी एकच नियम घातला. ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे, तो प्रश्न अण्णांना विचारायचा नाही.

मुलाला हे पटलं नाही. "मॅडम, मग सराव कसा व्हायचा? बोलतं ठेवा म्हणून सांगितलंय." त्याचंही खोटं नव्हतं. सराव लागतोच, आणि पहिले काही महिने तर फार मोलाचे असतात. पण सरावाला वेळ ठरवलेली असावी. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, टीव्ही बंद, नातू किंवा सून समोर. त्या वेळात चुका होणार हे अण्णांनाही माहीत असतं. उरलेल्या दिवसात त्यांना कुणीही विद्यार्थी करायचं नाही. ज्याला दिवसातून चाळीस वेळा नापास करतात, तो शेवटी तोंड भिंतीकडेच करणार. मुलगा गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं कॉट सोप्यातून आतल्या खोलीत हलवली आणि पाहुण्यांना बाहेरच चहा द्यायला लागला. हे मी सांगितलेलं नव्हतं. उत्तम केलं त्यानं.

आवाजाचं एका वाक्यात मिटलं. अण्णा बहिरे नाहीत. ओरडून बोललं की शब्द फुगतो, कळत नाही.

थांबण्याचं मिटायला मात्र महिना लागला. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा, मधे काही बोलू नका, असं मी सांगितलं होतं. सून म्हणाली, सगळ्यात अवघड हेच आहे, पाचच्या पुढं जातच नाही, जीभ आपोआप त्यांच्या मदतीला धावते. आणि मदतीला धावलं की अण्णांनी जुळवत आणलेलं सगळं विस्कटतं. तिनं उपाय काढला. विचारून झालं की ती कणीक मळायला घ्यायची. हात गुंतले की तोंड थांबतं.

नातवाची जुनी पाटी कामाला आली. तिच्यावर दोनच शब्द मोठ्या अक्षरात लिहायचे, चहा आणि पाणी, किंवा मुलगा आणि डॉक्टर. अण्णा बोट ठेवायचे. आयुष्यभर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरलेला माणूस. सुटा, ठसठशीत शब्द त्यांना बऱ्यापैकी वाचता येत होता. बोट ठेवल्यावरही बेलनं खात्री करून घ्यायची, कारण कधीकधी बोटही चुकतं.

काकूंना यातलं काही जमलं नाही. त्या वैतागून म्हणाल्या, "आवं बाई, ह्यांनी चाळीस वर्षं मला बोलू दिलं न्हाई. आता मी बोलायची, तर ह्यांचं उत्तर येत न्हाई. भिताडाशी बोलल्यागत वाटतं." मी विचारलं, पूर्वी तुम्ही दोघं कशाबद्दल बोलायचा? त्या म्हणाल्या, "कशाबद्दल न्हाई. ते ड्युटीवरनं यायचे, मी निवडत-टिपत बसायची, गावातलं काय काय सांगायची. ते हूं म्हणायचे."

मग तेच करा, म्हटलं. घेवडा निघालेला होता. आमच्या जिल्ह्यात कोरेगावकडचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध, काकूंच्या माहेरचाही तोच. वाळलेल्या शेंगांची पाटी कॉटवर आली. काकू सोलायच्या आणि अण्णा डाव्या हाताच्या अंगठ्यानं एकेक शेंग फोडायचे. पाच शेंगांत एक साधायची. काकू बोलत राहायच्या, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरानं कोर्टात लग्न केलं. प्रश्न नाही की उत्तर नाही. मधेच अण्णा "सुट्टे" म्हणायचे, हुंकारासारखं, आणि काकू म्हणायच्या, "व्हय की, मी पन त्येच म्हनते." मी एकदा दारातनं हे बघितलं आणि आत न जाता परत फिरले. इतका चांगला सराव मला घेता आला नसता.

दिवाळी झाली. पाठ असलेल्या गोष्टींवर माझं काम चाललं होतं. एक ते वीस, वार, महिने, मारुतीस्तोत्राची पहिली ओळ. नातवाला मी सांगितलं होतं, अण्णांना त्यांच्या गाडीचे थांबे म्हणायला लाव. ही रांग सगळ्यात लवकर आली. नातवानं "स्वारगेट" म्हणायचं, की अण्णा पुढं निघायचे: कात्रज, शिवापूर, नसरापूर फाटा, कापूरहोळ, शिरवळ, खंडाळा. खंडाळ्यानंतर डावा हात हवेत दोन वळणं घ्यायचा, हा खंबाटकीचा घाट. मग वेळे, सुरूर, भुईंज, पाचवड, आनेवाडी, लिंब, सातारा. यातला एखादा शब्द सुटा मागितला तर यायचा नाही. रांगेत मात्र स्वच्छ.

एके दिवशी सुनेचा फोन. "मॅडम, अण्णा मागं जायला लागलेत. कालपर्यंत साताऱ्यापर्यंत येत होते, आज भुईंजलाच अडकतात. आम्ही 'पाचवड, पाचवड' म्हणून आठवण करून दिली तर शिवी दिली. सकाळपासून चार वेळा झालं."

मी विचारलं, "भुईंज म्हटल्यावर हाताचं काय करतात?"

पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "एकदा ठोकतात." आणि लगेच, "अगं बाई. थांबवतायत. गाडी थांबवतायत ते."

भुईंजला अण्णांची धाकटी बहीण दिली आहे. दरवर्षी भाऊबीजेला ती यायची. यंदा काकूंनीच तिला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. झटक्यानंतर अण्णांना एकाएकी रडू फुटायचं, माणूस बघितलं की हुंदके सुरू. बहिणीला बघून फार त्रास होईल म्हणून काकूंनी हे परस्पर ठरवलं. झटक्यानंतरचं असं रडू पुष्कळदा नसांच्या बिघाडानं येतं, आतल्या दुःखाच्या मानानं ते फार मोठं दिसतं. थोडं थांबून विषय बदलला की ओसरतंही. हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. बहीण येणार नाही असं अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं, का येणार नाही हेही नाही. काकूंच्या फोनवरचं बोलणं त्यांनी कॉटवरून ऐकलं असणार. उत्तर द्यायला त्यांच्याकडे शब्द नव्हता. ज्या रांगेत तो गावाचा शब्द शिल्लक होता, ती रांग म्हणत ते त्या गावापर्यंत गेले आणि बेल दिली. घरच्यांना ती चूक वाटली आणि त्यांनी पुढचा थांबा सुचवला.

सुनेनं फोन ठेवला आणि पाटीवर 'भुईंज' लिहिलं. अण्णांनी बोट ठेवलं. "भाऊबीज राहिली म्हणून?" ठण्ण ठण्ण. "आत्यांना इकडे बोलवू?" ठण्ण. "तुम्हाला जायचंय?" दोन, आणि पुन्हा दोन. तिनं मला नंतर सांगितलं की त्या वेळी तिनं दहापर्यंत मोजलं नाही, ती सरळ रडायला लागली, आणि अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आजची स्थिती लिहिते, कारण प्रकरण चांगलं निघालं असा भास व्हायला नको. अण्णांचे सुटे शब्द आता पंचवीसच्या आसपास आहेत. काही आज येतात, उद्या येत नाहीत. वाक्य जुळत नाही, आणि पूर्वीसारखं जुळेल असं मी घरच्यांना कधीच म्हटलेलं नाही. उजवा हात कामाचा नाही. अधूनमधून ते दिवसभर तोंड फिरवून पडून राहतात. झटक्यानंतर उदासी येणं नेहमीचं आहे, त्यासाठी डॉक्टरांनी गोळी सुरू केलीय. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज केलाय. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघातानं येणारं कायमचं वाचा-भाषेचं अपंगत्वही धरलेलं आहे, बऱ्याच घरांना ते ठाऊकच नसतं. माझ्या खेपा महिन्यातून दोनवर आल्यात, बाकी व्हिडिओ कॉलवर. तालुक्याच्या गावांना आमच्यातलं माणूस सहसा मिळत नाही. खरं काम नातू, सून आणि घेवड्याच्या पाटीवरच चालतं.

भुईंजला ते कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या रविवारी गेले. मुलानं गाडी ठरवली होती. सुनेनं आत्याबाईंना आदल्या दिवशी फोनवर सगळं समजावलं होतं. रडले तर घाबरू नका, ओरडून बोलू नका, आणि काही झालं तरी ओळखलं का म्हणून विचारू नका. त्या व्हय व्हय म्हणाल्या होत्या.

गाडी दारात थांबली. आत्याबाई ओवाळणीचं ताट तसंच हातात घेऊन धावत आल्या, काचेतून आत वाकल्या आणि म्हणाल्या, "दादा! वळखलंस का रं मला? सांग बघू, कोन मी?"

अण्णांनी गाडीच्या दारावर अंगठी आपटली. एकदाच.

आत्याबाईंना काही कळेना. त्यांनी सुनेकडे बघितलं.

"एक बेल, आत्या," सून म्हणाली. "म्हणजे थांबा."